नवी मुंबई : सुरक्षितता, शाळा आणि रोजगार – रात्री साडेआठच्या रस्त्यावरून

रातराणी

माझी लेक दहावीत आहे. तिचा क्लास रात्री साडेआठला सुटतो. क्लासपासून आमची बिल्डिंग चालत अकरा मिनिटांवर आहे, मी घड्याळ लावून मोजलंय. आधी दुकानांची ओळ, मग नाल्यावरचा छोटा पूल, मग उद्यानाची लांबलचक भिंत आणि ती संपली की आमचा सेक्टर. नोडचं, म्हणजे आमच्या उपनगराचं, नाव लिहीत नाही. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं लगेच ओळखू येतील.

त्या भिंतीला लागून गेल्या पावसाळ्यापर्यंत सहा-सात हातगाड्या लागायच्या. एक भुर्जीवाला, एक इस्त्रीवाला, दोन फळवाले, मोबाईलची कव्हरं विकणारा एक मुलगा आणि कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशी. मावशी पहाटे तीनला उठून तुर्भ्याच्या भाजी मार्केटात जायच्या. चौघी मिळून टेम्पो करायच्या, सकाळी माल निवडायचा, दुपारी जरा पाठ टेकायची आणि चारला गाडी लावायची. छत्रीच्या काडीला काळ्या वायरीने बांधलेला बॅटरीवरचा एक पांढरा दिवा होता. त्याचा उजेड मेथीच्या जुड्यांवर पडायचा, आणि उरलेला फुटपाथवर. लेक तिथून गेली की मावशी मान वर न करता म्हणायच्या, "आज उशीर केलास गं. ती चष्मेवाली मैत्रीण कुठाय?" लेक कधी दोन मिनिटं थांबून कोथिंबीर घेऊन यायची. मला फोन करायची गरज पडत नव्हती.

श्रावणात एका संध्याकाळी सगळ्या गाड्या उचलल्या. मावशींची गाडी, वजनकाटा, पाट्या, सगळं ट्रकात गेलं. कोणी म्हणतं तक्रार गेली होती, कोणी म्हणतं वरून आदेश होता. त्यानंतर भिंत मोकळी झाली. स्वच्छही दिसते, खरं सांगते. पण त्या भिंतीला सात दिव्याचे खांब आहेत आणि त्यातले चार बंद आहेत. गाड्या होत्या तोवर ते बंद आहेत हे आम्हाला कुणाला कळलंच नव्हतं.

दिवाळीनंतर दोन-तीनदा तिथे बाईक लावून बसलेल्या मुलांनी काहीतरी शेरे मारले. लेकीने आठवडाभर सांगितलं नाही. मग एकदा जेवताना म्हणाली, "आई, मी क्लास सोडते. मोबाईलवर व्हिडिओ बघून करीन." गणितात ती आधीच चाचपडतेय. मी काही बोलले नाही, पण ताटातला घास गिळवेना.

आता मुद्द्यावर येते. निवडणुकीच्या सुमारास घरोघरी जी पत्रकं आली त्यांत शहराच्या प्रगतीचे रकाने होते. सुरक्षितता, शिक्षण, अर्थव्यवस्था. प्रत्येकाला वेगळं चित्र आणि वेगळा रंग. मी ती पत्रकं जपून ठेवली आहेत, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे आणि ते नाकारणं मला जमणार नाही. मी १९९४ मध्ये दुसरीत असताना इथे राहायला आले. महापालिका होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ठाण्याच्या मावशीकडे जायचं तर बसचे धक्के खात जायचं, कारण ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ मध्ये. आज मोरबे धरण आपल्या पालिकेच्या मालकीचं आहे. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका राज्यात बोटावर मोजण्याइतक्या असतील. स्वच्छ सर्वेक्षणात आपण २०२० मध्ये देशात तिसरे होतो, नंतरही वरच्या नंबरांतच राहिलो. वाशीला दिव्यांग मुलांसाठी पालिकेचं ईटीसी केंद्र आहे. माझ्या भाच्याला तिथे बोलायला शिकवलं, त्या ताईंचे उपकार आमचं घर विसरणार नाही. पालिकेने सीबीएसईच्या शाळाही काढल्या. हे सगळं झालंय.

पण माझ्या भिंतीपाशी ते तीन रकाने वेगळे राहत नाहीत. मावशींचा धंदा गेला तेव्हा माझ्या लेकीचा उजेड गेला, आणि उजेड गेला तेव्हा तिचं गणित गेलं. एका खात्याच्या कागदावर ते काम पूर्ण झालं म्हणून नोंदलं असेल. दुसऱ्या दोन खात्यांत त्याची नोंदही नसेल.

तुमच्या भागात असं काही पाहिलंय का? आणि काय केलं? नुसती हळहळ नको, उपाय सांगा. मी करायला तयार आहे.

गस्त

रातराणी ताई, पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, त्यातली शेवटची काही वर्षं नवी मुंबई आयुक्तालयात गेली. आधी लेकीसाठी : शेरे मारणारी मुलं पुन्हा दिसली तर ११२ ला फोन करायला लाजू नका. "एवढ्याशा गोष्टीला पोलीस कशाला" म्हणून नव्वद टक्के लोक फोन करत नाहीत आणि मग आमच्याकडे त्या जागेची नोंदच नसते. जिथून फोन जास्त, तिथे बीट अंमलदाराची (त्या भागाच्या पोलिसाची) फेरी जास्त, इतकं साधं आहे ते. दोन-चार फोन झाले की जागा डोळ्यात येते.

आता मोठी गोष्ट. पोलीस महापालिकेच्या हाताखाली नाहीत, ते राज्याच्या गृहखात्याचे. त्यामुळे पालिकेला "सुरक्षितता वाढवा" म्हटलं तर तिच्या हातात काय आहे ते नीट कळलं पाहिजे : दिवे, फुटपाथ, झुडपांची छाटणी, चौकातले कॅमेरे, अग्निशमन, बसथांबे, सार्वजनिक शौचालयं. कॅमेऱ्यांचं लोकांना फार अप्रूप आहे, आणि तपासात त्यांचा उपयोग होतोच. सोनसाखळीचे कितीतरी गुन्हे त्यावरून उघडकीला आले. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. घडू नये म्हणून माणूस लागतो. आमच्या काळी रात्रीच्या गस्तीला निघालो की पहिली चौकशी पानवाल्याकडे आणि अंड्याच्या गाडीवर व्हायची. कोण नवीन दिसतंय, कोणाची गाडी रोज उभी असते, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक असायचं. तुमच्या त्या मावशी म्हणजे त्या रस्त्यावरची बिनपगारी चौकी होती.

हे हातगाड्यांची बाजू घेऊन म्हणत नाही. त्यांच्यामुळे भांडणंही व्हायची, तीही आम्हीच सोडवायचो.

पामबीचकर

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नये. माझी आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे फुटपाथवर चपलांचे आणि कपड्यांचे ठेले इतके वाढले की तिला रस्त्यावरून चालावं लागायचं. रिक्षाचा धक्का लागून ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती वॉकरवर आहे. फुटपाथ मोकळा झाला तेव्हा मी स्वतः जाऊन अधिकाऱ्यांचे आभार मानले होते.

दोन गाड्या असतात तोवर मावशी असते, चाळीस झाल्या की जत्रा होते. त्यांतल्या कित्येक गाड्यांचा मालक एकच असतो आणि गाडीवर दिवसाच्या मजुरीचा पोरगा उभा असतो. त्याला आणि तुमच्या मावशींना एका मापाने मोजू नका. तुमच्या लेकीला उजेड मिळालाच पाहिजे, पण तो भाजीच्या गाडीवरून का मिळावा? खांबावरून मिळायला हवा. तो तिचा हक्क आहे.

मानधन_शिक्षिका

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, एरवी मी फक्त वाचते.

मी एका सरकारी शाळेत ठोक मानधनावर शिकवते. कुठल्या शाळेत ते सांगणार नाही, नोकरीचा प्रश्न आहे. नवी मुंबईत पालिका शाळेत मुलं येतात ती कुठून, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, खाणीच्या बाजूच्या वस्त्या. आई सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते, बाप नाक्यावर उभा राहतो. आणि तरी आपल्याकडच्या पालिका शाळांचा पट टिकून आहे, काही ठिकाणी प्रवेशासाठी रांगा लागतात. मुंबईत पालिकेच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडत असताना हे मला फार मोठं वाटतं. इमारती चांगल्या आहेत. माझ्या वर्गात पंखे चालतात, फळा नवा आहे, नळाला पाणी आहे. ज्यांनी हे केलं त्यांना पूर्ण श्रेय.

कमी पडतात ती माणसं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. माझ्या वर्गात मुलं किती हे विचारू नका. कायम शिक्षकाची जागा रिकामी राहते, तिथे वर्षाच्या कराराने आमच्यासारखी माणसं येतात. करार संपतो तेव्हा सुट्ट्या लागलेल्या असतात. नव्याने आदेश निघेपर्यंत पगार नाही आणि जूनमध्ये त्याच वर्गावर जाऊ याची खात्रीही नाही. मागच्या वर्षी माझ्या चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पाचवीला तुम्हीच ना?" मी "हो" म्हणाले. मला ठाऊक नव्हतं.

सीबीएसईचं नाव शाळेच्या पाटीवर लागलं की पालकांना आनंद होतो, तो मी पाहिलाय. हप्त्याहप्त्याने फी भरणाऱ्या रिक्षावाल्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. पण बोर्ड कुठलंही असो, जूनच्या पहिल्या दिवशी वर्गावर बाई हवी.

आणि सुरक्षिततेचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली, त्यानंतर लगेच शासनाचा आदेश आला. शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी सखी सावित्री समिती. ही समिती खरं तर २०२२ च्या शासन निर्णयातच होती, धूळ खात पडली होती. आमच्याकडे तक्रारपेटी लागली तेव्हा पहिल्या महिन्यात तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिन्ही शाळेच्या आतल्या गोष्टींबद्दल नव्हत्या. "शाळेतून जाताना पुलाखाली अंधार असतो." "पुलाखाली दारू पिऊन लोक बसतात." "आम्हाला पाच वाजता सोडा." दुपारच्या सत्राची शाळा हिवाळ्यात सुटते तेव्हा सहा वाजून गेलेले असतात हो, अंधार पडलेला असतो. शाळेच्या फाटकापर्यंत आमची जबाबदारी, घराच्या दारापासून आईबापांची. मधला रस्ता कोणाचा?

रातराणी, लेकीला क्लास सोडू देऊ नका. गणितासाठी लागली तर मी रविवारी ऑनलाइन शिकवेन. पैसे नकोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दाणाबंदर

बाई, तुमच्या शेवटच्या ओळीला नमस्कार.

मी माथाडीचा मुलगा. वडील मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे, पुढे बाजार इकडे आला तसे आम्हीही आलो. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांना बोर्डातून पगार, भविष्य निर्वाह निधी आणि औषधपाणी मिळालं, आणि कोपरखैरणेला घर मिळालं. त्या घराच्या पोटमाळ्यावर बसून मी बी.कॉम. झालो. तेव्हा "स्थानिक अर्थव्यवस्था" म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, ती फारशी कोणी बोलत नाही. पूर्वी नवी मुंबईत जकात नव्हती, उपकर होता. शहरात माल येई, त्यावर पालिकेला कर मिळे. म्हणजे बाजार चालला, एमआयडीसीतले कारखाने चालले तर पालिकेची तिजोरी भरायची. व्यापारी कितीही कुरकुरले तरी त्यांना आणि पालिकेला एकमेकांची गरज होती. २०१३ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखाली उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. जुलै २०१७ पासून जीएसटी. आता त्या बदल्यात राज्याकडून दरमहा भरपाई येते. बाजारात दिवसाला किती गाड्या खाली झाल्या याच्याशी त्या रकमेचा संबंध राहिला नाही. पालिकेची स्वतःची कमाई म्हणजे प्रामुख्याने मालमत्ता कर, आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क.

म्हणजे नवीन टॉवर उभा राहिला तर पालिकेच्या खात्यात लगेच दिसतं. भाजीवालीचं दिवसाचं सहाशे रुपयांचं उत्पन्न बुडालं तर कुठल्याच खात्यात दिसत नाही. मी कोणाच्या हेतूबद्दल शंका घेत नाही. पण ज्या गोष्टीतून पैसा येतो तिकडे नजर राहते, मग माणूस असो की संस्था. लहान धंद्याचं नुकसान पालिकेला दिसेल अशी काहीतरी व्यवस्था मुद्दाम करावी लागेल, आपोआप होणार नाही.

बाजाराचीही हालत बघा. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला. शेतकऱ्याला थेट विकायला वाट मिळाली, चांगलं झालं. पण बराच माल मार्केटच्या बाहेर परस्पर जाऊ लागला. आमच्या माथाडी टोळीतल्या पोरांना महिन्यात पूर्वीइतके दिवस भरत नाहीत. त्यातली दोघं आता संध्याकाळी हातगाडी लावतात. म्हणजे पामबीचकर, चाळीस गाड्या कुठून आल्या ते हे. एका ठिकाणची रोजी आटली की माणूस फुटपाथवर येतो.

तुमच्या आईंचं वाचून मात्र खरंच वाईट वाटलं. माझा काका अशाच धक्क्याने गेला.

खाडीकाठ

मी इथला आगरी. ज्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर उभं राहिलं त्यातलं एक गाव आमचं. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि आमच्या आजोबांच्या मिठागराचं आणि भातखाचराचं नोटीशीत रूपांतर झालं. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरच्या आंदोलनात आमची पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा विषय पुढे सरकला. ज्यांना हे शहर नियोजित शहर म्हणून आवडतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं इतकीच विनंती.

विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, नाताळच्या दिवशी पहिली विमानं उडाली. माझ्या पुतण्याला तिथे सामान हाताळणीच्या कामावर घेतलं, बारावी पास आहे तो. घरात पेढे वाटले. आमच्या गावातून आणखी पंधरा-वीस पोरं अर्ज करून बसली आहेत. त्यांना इंग्रजीत मुलाखत देता येत नाही. शिक्षिका ताई, शाळेचा आणि रोजगाराचा धागा इथे जुळतो बघा. विमानतळ दारात आला, पण दारातून आत जायला लागणारं शिक्षण दारात नव्हतं. पालिका शाळांनी आठवी-नववीपासून बोलण्याचं इंग्रजी आणि संगणक नेटाने शिकवला तर पाच वर्षांनी फरक दिसेल.

गावठाणातले दिवे तर विचारूच नका. हद्द कोणाची यावरच सगळं अडतं.

पोटकलम

वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रातराणी ताईंनी उपाय मागितलाय, म्हणून कायद्याचं सांगतो.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात शहराने नगर पथविक्रेता समिती नेमायची असते. समितीतले किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत असलेल्या विक्रेत्याला हटवता येत नाही, असं कलम ३ म्हणतं. माल जप्त केला तर यादी करून पावती द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, अर्थात शुल्क भरून. मावशींना पावती मिळाली होती का, हे पहिलं विचारा.

पामबीचकर, हाच कायदा तुमच्या आईंच्या बाजूनेही आहे. ना-फेरीवाला क्षेत्र ठरवायची तरतूद त्यातच आहे. गाडीची जागा, वेळ, संख्या, सगळं ठरवता येतं. उद्यानाच्या भिंतीला सायंकाळी पाच ते साडेनऊ, सहाच गाड्या, फुटपाथची अर्धी रुंदी मोकळी, असा प्रस्ताव समितीपुढे लेखी ठेवता येतो. आजवर भांडण "सगळे हटवा" आणि "कोणालाच हात लावू नका" यांच्यात झालं आणि मधलं कागदावर आलंच नाही.

प्रमाणपत्र असलं की पीएम स्वनिधीचं कर्जही मिळतं. आता पहिल्या टप्प्यात १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान.

अवांतर : २०२० मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. इतकी वर्षं प्रशासक. कामं थांबली नव्हती, पण "आमच्या भिंतीचे चार दिवे बंद आहेत" हे सभागृहात उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. आता १११ नगरसेवक आहेत. विचारायला लावा.

गस्त

पोटकलमने छान सांगितलं. एक भर : दिव्याची तक्रार करताना "उद्यानाजवळचे दिवे बंद" असं लिहू नका. प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो. तो नंबर, तारीख, रात्रीचा फोटो. नंबर दिला की फाईल "ठिकाण सापडले नाही" म्हणून बंद करता येत नाही.

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

पामबीचकर, रागावले नाही. तुमच्या आईंसारख्याच आमच्या बिल्डिंगमध्ये दोघी आहेत, त्यांना विचारलं. एकीने सांगितलं, "गाड्या होत्या तेव्हा वाट अरुंद होती, पण पडले तर उचलायला कोणीतरी होतं." दुसरीने तुमच्यासारखंच सांगितलं, गाड्या नकोत. तेव्हा दोन्ही बाजू मान्य. आणि खांबावरचा उजेड हा हक्क आहे, हे तुमचं म्हणणं मी आमच्या अर्जाच्या पहिल्या ओळीत घेतलंय.

शिक्षिका ताई, व्यनि केलाय. लेक म्हणाली, "त्यांना मी ताई म्हणू की मॅडम?" बहुतेक ताईच म्हणेल.

दाणाबंदर, तिजोरीचं तुमचं गणित मी दोनदा वाचलं. मी पंधरा वर्षं हिशेबाचं काम करते, पण स्वतःच्या शहराच्या जमेच्या बाजूकडे कधी असं बघितलं नव्हतं.

मावशींचा शोध लागला. तिसऱ्या सेक्टरमध्ये दोन घरी पोळीभाजीचं काम करतात. पावती मिळाली नव्हती. गाडी सोडवायला गेल्या तेव्हा दंडाची रक्कम गाडीच्या किमतीजवळ जात होती, म्हणून तशाच परत आल्या. वजनकाटा नवीन होता, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. माझ्या लेकीची चौकशी केली. गणिताचं काय झालं, तेही विचारलं.

काल रात्री आम्ही चौघी जणी टॉर्च घेऊन खांबांचे नंबर लिहून आलो. एका खांबावर वेल इतका चढलाय की नंबर दिसेना, इस्त्रीवाल्याच्या मुलाने वर चढून वाचून दाखवला.

मानधन_शिक्षिका

ताईच.

शाळा व्यवस्थापन समितीतून पण अर्ज द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. तिचा ठराव जोडलात तर शाळेच्या वाटेवरचा अंधार हा शाळेचा विषय म्हणून नोंदला जातो. आमच्या त्या तीन चिठ्ठ्या मी समितीपुढे ठेवल्या आहेत. पुढच्या बैठकीत पुलाखालच्या दिव्याचा ठराव होईल असं मुख्याध्यापिका म्हणाल्या.

रातराणी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

अर्ज आधी ज्या कार्यालयात दिला त्यांनी दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडच्यांनी सांगितलं की भिंतीच्या आतलं आमचं, बाहेरचं नाही. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण कनिष्ठ अभियंता भेटले. त्यांनी खांबांचे नंबर बघितले आणि "हे कोणी काढले?" असं विचारलं. आम्ही काढले म्हटल्यावर उठून खुर्ची दिली. सहाव्या दिवशी शिडीची गाडी आली आणि चारपैकी तीन दिवे लागले. वेलही कापला. चौथ्या खांबाची केबल नाल्याच्या कामात तुटली आहे, ती जमिनीखाली आहे, त्याला वेगळी मंजुरी लागेल असं सांगितलं.

पोटकलमच्या सांगण्याप्रमाणे सहा गाड्यांचा प्रस्ताव लिहून दिला. सायंकाळी पाच ते साडेनऊ, नकाशा हाताने काढून. आमच्या दोन्ही आज्यांच्या सह्या आहेत, नको म्हणणाऱ्या आजींचीही. "अर्धा फुटपाथ मोकळा" ही ओळ त्यांनी स्वतः घालायला लावली. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. नव्या नगरसेविका बाईंना प्रत दिली. त्यांनी भिंतीपाशी येऊन बघितलं, हे इथे नोंदवते.

तोवर क्लास सुटायच्या वेळी आम्ही आईवडील पाळीपाळीने पुलावर उभे राहतो. शेरे मारणाऱ्यांपैकी एकजण आमच्याच मागच्या बिल्डिंगमधला निघाला. गस्त काकांच्या सांगण्यावरून ११२ ला दोनदा फोन केला होता, बीटवरचे हवालदार त्याच्या घरी जाऊन बोलून आले. लेक क्लासला जातेय. रविवारी ताईंकडे त्रिकोणमिती चालू आहे.

चौथा खांब अजून बंद आहे, मावशींच्या जागेसमोरचाच. परवा मंगळवारी साडेदहाला केबलच्या मंजुरीचं विचारायला पुन्हा जाणार आहे. आसपासच्यांपैकी कोणाला यायचं असेल तर व्यनि करा. येताना आपापल्या रस्त्यावरच्या खांबांचे नंबर लिहून आणा.